भोपळा

अडुसष्टच्या सीझनला मी अकरा जणांत नव्हतो.
मी वही धरायचो,
आणि ब्लॅडरमध्ये हवा भरायचो, तोंडानं,
कारण कॉलेजचा पंप गणेशोत्सवात कुणीतरी नेला
तो परत आलाच नाही.
चामड्याच्या वादीला लावायच्या एरंडेलाचा तो वास
अंधारातसुद्धा ओळखेन मी अजून.

बूट सात जोड.
भूपाल मगदूम उजव्या पायाचा, योना भोरे डाव्या पायाचा,
एकच जोड दोघांनी वाटून घेतली,
उरलेला एकेक पाय मोकळा.
हरिपूरच्या पेवांकडून वारा सुटला
की तोंडात हळद यायची,
मैदानभर सगळे लग्नातल्यासारखे पिवळे.

शिंत्रे सर केमिस्ट्रीचे डेमॉन्स्ट्रेटर.
फुटबॉल त्यांनी पुस्तकात वाचला होता.
फळ्यावर बाण काढायचे, तेही दुतोंडी,
आणि म्हणायचे, घाई नको,
समतोल साधला की गोल आपोआप होईल.

कोल्हापुरात सहा-शून्य.
शेवटी शेवटी त्यांचेच लोक आम्हाला पाणी आणून देत होते.
इचलकरंजीत चार.
जयसिंगपूरला रेफ्री आला नाही,
तरी हरलो.
कराडला दोनच झाले म्हणून
परतीच्या एस्टीत आम्ही गाणी म्हटली,
कंडक्टर विचारत होता, कप कुठाय?

मी वहीत शून्य काढायचो, चांगलं गरगरीत,
आणि शेजारी बसलेला दस्तगीर
वाकून बघायचा. म्हणायचा,
देठ काढ की लेका त्याला.

दस्तगीर सतारमेकर, आमचा गोलकीपर, मिरजेचा.
त्यांच्या माडीवर भीमेकाठचे भोपळे वाळत असायचे,
एकाला दुसरा न टेकता.
वडील हुसेनसाहेब प्रत्येकावर पेरानं टकटक करत
आणि कान लावून ऐकत,
डॉक्टर छाती तपासतो तसं.
दस्तगीर चेंडू पकडायचा तोही पोटाशी, दोन्ही हातांनी,
पकडल्यावर जरा वेळ सोडायचाच नाही.
आमच्यात खाली पडू देत नाहीत, म्हणायचा.
पंधरा सुटले त्याच्याकडून.
अडवले किती, त्याचा रकाना वहीत नव्हता.

शेवटची मॅच संक्रांतीनंतर, घरच्या मैदानावर, साताऱ्याशी.
दोन गोल खाऊन झाले होते.
योनानं डाव्या पायानं काहीतरी केलं,
काय ते त्यालाही सांगता आलं नाही नंतर,
आणि चेंडू साताऱ्याच्या एका उंच बॅकच्या
गुडघ्याला लागून
त्यांच्याच गोलात शिरला, सावकाश,
परक्या घरात पाहुणा शिरतो तसा.
जाळी नव्हती. बाभळीपर्यंत गेला.

भोपळा फुटला! भोपळा फुटला!
अख्खं कॉलेज ओरडायला लागलं.
आणि त्याच वेळी रस्त्यावरून
हुसेनसाहेब सायकलवरून चालले होते,
मागे कॅरिअरला काथ्याच्या जाळीत बांधलेले पाच भोपळे.
दचकून उतरले.
सायकल बाभळीला टेकवली,
आणि एकेक भोपळा फिरवून फिरवून तपासला,
पोरं नाचत होती तोवर.
सगळे शाबूत निघाले तेव्हा
त्यांनी मैदानाकडे नुसता हात केला
आणि गेले.

हरलो आम्ही. तीन-एक.
गोल करणाऱ्याचं नाव कुणाचं लिहू, मी विचारलं.
शिंत्रे सर चष्मा पुसत म्हणाले, लिही कुणाचंही,
आपला समतोल साधला.
तो उंच पोरगा टचलाइनपाशी बसून
गुडघा चोळत होता, मान वर न करता.
नाव विचारायचा धीर झाला नाही.
मी लिहिलं : गुडघा, सातारा.

परवा मिरजेला गेलो, दुकानात.
दस्तगीरचे हात आता थरथरतात, तारा नातू चढवतो.
वही दिली. चष्मा कपाळावर सारून
अगदी डोळ्यांजवळ धरून वाचली त्यानं,
गुडघ्यापाशी हसला, मग मागची पानं चाळली.
कोल्हापूर, इचलकरंजी, जयसिंगपूर, कराड.
चारही शून्यांना देठ होते.
कधी काढले मी, मला आठवत नव्हतं.

त्यानं कराडच्या शून्यावर पेरानं टकटक केलं
आणि कान लावला.