मानस

गोळी बंद नाही, कुवेलकर डॉक्टर म्हणाल्या,
पण जरा श्वासही घेत जा. जणू आजवर
काउंटरमागे मी नुसत्या नोटाच मोजल्या.

म्हणून पहाटे चोडणच्या बांधावर,
अंगठ्याने उजवी नाकपुडी मिटून.
चार आत. आठ बाहेर.
सहालाच छाती हात टेकते.
फेरीबोटीचा भोंगा, परवाचे कमी पडलेले तीनशे,
मॅनेजरचं खाकरणं,
सगळं नाकातून आत.

मानशीवर जाळं लावणारा इनास हसतो,
"नाक धरून किदें सोदता रे?"
मी विचारतो, दार कधी उघडतोस?
"हांव? हांव खंय उगडटां!
सुकती लागली की भितरलें उदक धुकलता,
दार आपशींच वता."

पंधराव्या दिवशी कधीतरी
मोजायचं राहूनच गेलं.
खांदे उतरले, मग जबडा,
आत तुंबलेलं खारं पाणी
फळ्यांना रेटत निघालं, बाहेर, लांब,
आणि जाळ्यात काहीतरी
बारीकसं, चंदेरी, तडफडलं.

दंडावरचा पट्टा फुगला, सुटला: एकशे अडतीस.
डॉक्टर गोळी तीच लिहितात.
मी खुर्चीवरून उठतो. नाडी
अजून बांधावरच,
पाय पाण्यात सोडून.