शंभर टक्के

वडशाच्या शकूरभाईनं मागचं झाकण उघडलं,
पपई पिकली का बघावी तसा बॅटरीवर अंगठा दाबला.
म्हणाला, फुगली नाही अजून,
पण हिच्यात आता काही रायलं नाही.
नवी साडेतीन हजार. डुप्लिकेट सतराशे,
तिची ग्यारंटी माझ्या पायरीपर्यंत.
मी म्हटलं, मंडईचा सीजन निघू दे.

तर सीजन निघतो आहे.

दहाचं नाटक साडेअकराला उभं राहतं, पाचला बसतं.
मी विंगेत, ऑर्गनच्या मागं, खताच्या पोत्यावर.
मांडीवर लॅपटॉप, लॅपटॉपात
तीन जातींचे गडगडाट, एक तान्हं बाळ,
कोर्टाचा हातोडा, पाऊस, पॅसेंजर गाडी.
स्क्रीन इतकी मंद
की फायली जागेवरूनच ओळखतो,
अंधारात चुलीपाशी हात जावा तशा.
थंडीनं बॅटरी लवकर बसते
म्हणून बायकोची शाल तिला,
मला पोतं.

चौसष्टवर असते आणि मग नसते.
साठ, पन्नास, चाळीस
ही गावं तिच्या रस्त्यावर आता लागतच नाहीत.

दोनाडकर मास्तर म्हणाले,
रोज शंभर दाखवते ना गा? मग?
म्हटलं, मास्तर, पायलीचं माप झिजून अच्छेर झालं
तरी काठापर्यंत आलं की ते भरलंच म्हणणार.
मास्तर काही बोलले नाहीत.
परवापासून नांदी काळी चारवरून काळी दोनला आणली आहे त्यांनी.
कंपनीत कोणाला सांगितलं नाही.
मी ऑर्गनच्या मागंच बसतो, म्हणून.

काल तिसऱ्या अंकात जनरेटर दमला.
खोल खणलेल्या मैदानातून
हजारभर मोबाईलचे टॉर्च वर आले.
यामिनीबाई ट्रंक घेऊन फलाटावर उभ्या,
माईक मेलेला, तरी खड्या आवाजात:
आली का हो गाडी?
मी बटण दाबलं.
गाडी लांबून निघाली, शिटी दिली,
जवळ आली
आणि स्क्रीन काळी.
जिथं स्टेशन नाही अशा जागी
गाडी उभी.
बाईंनी ट्रंक खाली ठेवली. परत उचलली.

तेवढ्यात मास्तरांनी
दोन्ही हात खालच्या पट्ट्यांवर टाकले.
ऑर्गनला लाइन लागत नाही, पाय लागतात.
ते पाय मारत गेले, मारत गेले,
मानेच्या शिरा टॉर्चमध्ये दिसत होत्या,
आणि माझ्यापेक्षा जड, जास्त डब्यांची गाडी
फलाटावरून गेली.
मैदानातून शिट्ट्या आल्या.
पडदा पडल्यावर मास्तर अर्धा तास पाणी पीत होते.

आज दुसरं गाव. शाळेच्या व्हरांड्यातल्या बोर्डाला
सकाळपासून लावून ठेवली आहे.
दुपारी हिरवा दिवा: पूर्ण भरली.
मी तिच्याशी वाद घालत नाही.
वहीत गाडीसमोर लिहून ठेवलंय, मास्तर.
पावसाचं अजून ठरलं नाही.