वेंडेलिन परत फिरला

पहाटे पाचला, तात्राच्या पायथ्याशी,
वेंडेलिन लाकडी चौकट पाठीवर घेतो.
आधी एक गुडघा टेकतो, पट्टे खांद्यांत रुतू देतो,
मग डोंगराला एक शिवी हासडून उभा राहतो.
अठ्ठ्याहत्तर किलो. पीठ, कांदे, बिअरचं पिंप,
आणि वरचा निवारा सांभाळणाऱ्या ओतिलियासाठी
फडक्यात गुंडाळलेलं शिवणयंत्राचं चाक.

मी मागे. चाळीस किलो, वय एकोणीस.
नाकातले केस गोठून टोचतात,
पापण्या एकमेकींना सोडत नाहीत.
बुटांखाली बर्फ कोऱ्या चामड्यासारखा करकरतो.
"करकरतोय तोवर बरं," वेंडेलिन म्हणतो,
"गप्प झाला की तूही गप्प हो. आणि ऐक."

झाडं संपली आणि
ऊन शिखराला लागलं.
हे मला अजून कुणाला धड सांगता आलेलं नाही.
टोपीतून माझीच वाफ निघत होती,
खाली ढगांनी गाव झाकलं होतं, दुकानाची उधारी झाकली होती,
दोनदा नापास झालेली परीक्षा झाकली होती,
आणि एवढ्या पांढऱ्यात मी एकटा काळा ठिपका,
जिवंत, घामेजलेला.
मी हसलो. उगीच. मोठ्यानं.
"हळू," तो म्हणाला. "पुढची जागा हसायची नाही."

पुढे तो उतार.
दोनशे पावलं, फार तर दोनशे दहा.
पलीकडे निवाऱ्याचं धुराडं दिसत होतं,
कोबीच्या सूपचा वाससुद्धा येत होता, किंवा मला तसं वाटलं.
वेंडेलिननं काठी खुपसली.
वर सायीसारखा घट्ट थर, खाली साखरेसारखे सुटे दाणे.
त्यानं एक पाऊल टाकलं
आणि डोंगराच्या पोटात कुणीतरी
तळघराचं दार लावल्यासारखा आवाज झाला.
तो फिरला.
अठ्ठ्याहत्तर किलोंसकट.

मी नाही फिरलो.
पावलं मोजत गेलो. साठाव्याला आई आठवली,
शंभराच्या पुढे फक्त आकडे.
पोचलो. टाळ्या पडल्या. कुणीतरी पेला पुढे केला.
ओतिलिया मात्र खिडकीतून उताराकडे बघत राहिली.
"तो कुठंय?"
"फिरला."
"मग तू कसा आलास?"

उतार पडला नाही.
त्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही,
त्या हिवाळ्यातच नाही.
मे महिन्यात शहाण्यासारखा वितळून ओढ्याला मिळाला.
खालच्या गुत्त्यात लोक म्हणाले, वेंडेलिन म्हातारा झाला.
तो मिशीवरचा फेस पुसत राहिला.
चाक त्यानं दुसऱ्या दिवशी पोचवलं होतं,
लांबच्या वाटेनं, नऊ तास चालून.

परत फिरलेल्याकडे पुरावा नसतो.
पुढे गेलेल्याकडे आख्खी गोष्ट असते.
मी ती अकरा वर्षं सांगितली,
दर वेळी उतार थोडा रुंद करून.
ऐकणाऱ्यांत सिप्रियान होता, बावीस वर्षांचा,
डोळे असे चमकायचे की मी आणखी पाच पावलं वाढवायचो.

त्या जानेवारीत आम्ही रांगेनं उभे राहून
लांब सळया बर्फात खुपसत होतो.
खुपसायची, काढायची, अर्धं पाऊल पुढे.
चौथ्या तासाला माझ्या सळईला
मऊ काहीतरी लागलं.
चौकट त्याच्या पाठीवरच होती.
आत भुशात ठेवलेली तीस अंडी,
एकही फुटलं नव्हतं.

वेंडेलिन तेव्हा काहीच बोलला नाही.
बोलला असता तर बरं झालं असतं.

मी अजून माल वाहतो. ऊन शिखराला लागलं
की अजून हसू येतं, लाज वाटते, तरी येतं.
आणि कधी तळघराचं दार वाजलं की
फिरतो, ओझ्यासकट, काहीही न बघता.
खाली विचारतात, आज काय झालं?
गुडघा दुखतोय, मी सांगतो.
तेवढं लोकांना पटतं.