पन्नासची काच

सदरच्या त्या दुकानात मी सांगितलं नाही
की एकवीस वर्षं मी एक्स-रे काढते,
रोजचे साठ-सत्तर:
बरगड्या, मनगटं, गुडघ्यांची झीज.
सांगितलं असतं तर बावनथडेंनी
अर्धंच समजावलं असतं.

थकबाकी मिळाली होती, अडतीस हजार चारशे.
तीन महिने वहीच्या मागच्या पानावर
एका रकान्यात बॉडी, एका रकान्यात लेन्स,
आणि खाली बेरीज,
जी दर वेळी कुठूनतरी पाच हजारांनी सांडायची.
मुलगा म्हणाला, मोबाइलमध्ये काय वाईट आहे, आई?
काही नाही रे.
पण त्याला डोळा लावता येत नाही.

मे महिना. कूलरची ओली खस, काउंटरवर हिरवं फेल्ट,
त्यावर तीन लेन्स, झाकणं काढून.
"पाहा ताई," बावनथडे म्हणाले,
"हे अठरा-पंचावन्न. संगं येतेच.
बारसं, साक्षगंध, पचमढी, सगळं भागते.
हे पंचावन्न-अडीचशे.
गोरेवाड्याच्या त्या काठावरचा बगळा
काय गिळून राहिला ते इथून दिसन.
अन् हे पन्नास. ना मागं ना पुढं.
काहीच नाही करत हे,
फक्त उजेड घेते."

मी आधी अडीचशे उचललं, अर्थातच.
रस्त्यापलीकडे पोह्यांची गाडी.
काचेतून एकदम
पोहेवाल्याच्या अंगठ्याचं नख,
नखाच्या कडेला तर्रीची लाल रेघ.
त्याला पत्ताच नाही.
तो चणे वाढत होता,
आणि मी त्याच्या नखात जाऊन बसले होते.

हे तर मला येतं.
न विचारता आत शिरायचं,
हाडापर्यंत,
आणि शिशाच्या काचेमागून म्हणायचं: हलू नका.
एकवीस वर्षांत मला चेहरा एकही आठवत नाही.
एक हंसळी आठवते, दोन ठिकाणी मोडून
वाकडी जुळलेली. कुणाची होती, कोण जाणे.

पन्नास लावलं.
पोहेवाला पुन्हा रस्त्यापलीकडे गेला,
सायकली, ऊन, रसवंतीचा घुंगरू, सगळं त्याच्याभोवती परत आलं.
"जवळून पाहिजे असंल तं?"
"तं चालत जा ना, ताई."

बॉडी सेकंडहँड घेतली.
कामठीच्या एका लग्नवाल्या फोटोग्राफरची,
एकोणीस हजार वेळा दाबलेली,
पट्ट्याला त्याच्या मानेचा घाम वाळून पांढरा.
बावनथडे नवीन पट्टा देत होते. नको म्हटलं,
मग घरी येऊन साबणाने दोनदा धुतला.

दुसऱ्या दिवशी ड्यूटी संपल्यावर
गुलाब मेश्रामला खिडकीशी उभं केलं.
चौदा वर्षं तो माझ्याकडे स्ट्रेचर ढकलत आणतो.
त्याच्या डाव्या खुब्यात पट्टी आहे, चार स्क्रू,
एक किंचित तिरपा, हे त्याच्या बायकोलाही माहीत नसेल.
डाव्या भुवईत एकच पांढरा केस आहे
हे मला माहीत नव्हतं.
दोन पावलं पुढे गेले. आणखी एक.
मध्ये शिसं नाही, भिंत नाही,
त्याच्या खिशातल्या खर्र्याचा वास.
मी काही म्हटलं नव्हतं,
तरी त्याने हनुवटी वर केली आणि
श्वास रोखला.
मग मीही.

फोटो फसला. कान स्वच्छ,
कानावरची लव मोजता येईल इतका,
आणि डोळे दोन्ही धुक्यात.
पुन्हा काढू का, विचारलं.
गुलाब म्हणाला, "थांबा मॅडम,"
आणि स्ट्रेचरच्या गादीखाली
कंगवा शोधायला लागला.