ट्यूब

रात्री अडीचला नळीत पाणी बोलायला लागतं.
गुळगुळ. गुळगुळ.
मी उठते, नळी हळूच खाली धरते,
थेंब उलटे त्याच्याकडे जाऊ नयेत अशी,
ट्रॅप रिकामा करते, कागदावर लिहिते:
सहा मिली.

हसन तांबोळी, वय एकावन्न,
नाना पेठेत सायकलचं दुकान.
हृदय अकरा मिनिटं बंद होतं.
आता अंग तेहेतीसवर आणून ठेवलंय,
मेंदूला जरा उसंत मिळावी म्हणून.
गार पाण्याच्या गाद्या छातीला, मांड्यांना बिलगून.

हवा मात्र सदतीसवर.
कोरडी दिली तर कफाची खळ होते,
आणि एवढीशी नळी बुजायला कितीसा वेळ!
हवा ओली करणं हे खरं नाकाचं काम,
जन्मभर कुणी न सांगता केलेलं.
आम्ही नाकाला वगळून घशात नळी घातली
आणि त्याची नोकरी प्लास्टिकच्या एका डबीला दिली.

ऊन हवा गार माणसाकडे निघते
आणि वाटेतच तिचं पाणी होतं.
डॉक्टर बर्वे म्हणतात, थोडं कमी करू या का?
ढमढेरे टेक्निशियन म्हणतो, नको, कफ सुकेल.
दोघांचीही पुस्तकं बरोबर असावीत.
मी दर तासाला सक्शन करते
आणि काय येतं ते बघते.
पातळ, पांढरं. चालेल.

संध्याकाळी त्याची मुलगी आली होती, शाहीन.
बापाचा हात हातात घेऊन म्हणाली,
सिस्टर, किती गार पडलेत, चादर तरी घाला.
मी नाही म्हटलं.
असं नाही म्हणायला कॉलेजात शिकवत नाहीत.
मग तिला नळीतलं पाणी दिसलं.
ट्यूब लीक आहे का?
अब्बू घमेल्यात बुडवून फिरवतात ना,
बुडबुडा जिथं, भोक तिथं.
यात बुडबुडे आहेत, सिस्टर.
म्हटलं, नाही गं, हे पाणी वेगळं,
ही वाफच आहे, वाटेत दमलेली.
तिनं मान हलवली,
नजर नळीवरून काढली नाही.

दुपारपासून पाव-पाव अंशानं वर आणायचं.
पुढचं अजून कुणी लिहिलेलं नाही.

सहाला मुठेवर धुकं होतं,
खालून पाववाल्याची घंटी गेली.
हँडओव्हरला सांगितलं:
बेड चार, तेहेतीस पूर्णांक एक,
ट्रॅपमध्ये रात्रभरात एकेचाळीस मिली.
हे नाही सांगितलं
की तीन वाजल्यापासून मीही
नळीतले बुडबुडे बघत बसले होते,
भोक शोधत.