किंता

सेतुबालच्या इस्पितळाचं तळघर,
धुण्याच्या यंत्रांशेजारची खोली, बारा खुर्च्या.
आम्ही अकरा: चार नर्स, एक्स-रेवाला,
रिसेप्शनवरची फ्लोरिपिश, ॲम्ब्युलन्सचे दोन ड्रायव्हर,
जेवणाच्या गाडीवरचा पोरगा,
घड्याळाकडे बघणारा एक डॉक्टर,
आणि मी.

बेनिल्दबाई म्हणाल्या, शिकवणारी मी नव्हे. ही.
आणि चाकांच्या खुर्चीतून ती आत आली.
मी मान खाली घातली.

देओलिंदा. एकतीस वर्षं सार्डिनच्या कारखान्यात
मुंडकी उडवली, आतडी काढली, डबे भरले.
होड्या लागल्या की भोंगा व्हायचा, रात्री तीनलासुद्धा,
आणि बाया पदर-केस न सावरता धावायच्या.
मग कारखाना गेला. मग नवरा.
मग गेल्या जानेवारीत मेंदूतली एक बारीकशी नळी तुंबली
आणि सगळी भाषा वाहून गेली.
चाळणीत खडा राहावा तसा
एक शब्द राहिला: किंता.

आमच्या बोलीत किंता म्हणजे गुरुवार.
किंता म्हणजे पाचवी.
किंता म्हणजे गावाबाहेरची वाडी, विहीर, संत्र्याची झाडं.
तिच्या तोंडी किंता म्हणजे
हो, नाही, पाणी, पुरे, माझा चष्मा,
अरे पोरा, जरा ऐक.

त्या जानेवारीत रात्रपाळी माझी होती.
ती बहिरी असल्यासारखा मी ओरडलो:
दुखतंय का, कुठं, कधीपासून, शून्य ते दहात किती?
चार प्रश्न एका दमात. वर टीव्ही चालू.
ती म्हणाली, किंता.
मी चौकटीत पाच लिहिला,
गोळी दिली, दिवा मालवला.
ती पोटाखाली हात दाबून घंटी वाजवत राहिली,
किंता, किंता;
मी नोंद केली: रुग्ण गोंधळलेली.
पहाटे सहाला नळी घातली,
नऊशे मिलिलिटर लघवी निघाली.
गोंधळलेलं कोण होतं
ते लिहायला कागदावर चौकट नव्हती.

बाई सांगत होत्या: आवाज नको, कागद घ्या.
एका वेळी एकच प्रश्न, जाड पेनानं.
कळलं नाही तर कळल्याचं सोंग करू नका.
आणि विचारून झालं की गप्प बसा, मनात दहा मोजा.
डॉक्टर चारालाच बोलला.
फ्लोरिपिश सहापर्यंत टिकली, मग तिला हसू फुटलं.

माझी पाळी आली.
मी लिहिलं: जानेवारी. रात्र. मी.
खाली एका कोपऱ्यात हो, एका कोपऱ्यात नाही.
एक. दोन. भिंतीपलीकडे चादरी गरगरत होत्या.
पाच. सहा.
वाट बघायची तिला सवय असावी, भोंग्याची, होड्यांची.
मला नव्हती.
आठाला तिचा डावा हात उठला
आणि बोट हो वर येऊन थांबलं.

मग तिनं पेन मागितलं.
वाकडी चौकट काढली, आत पाच,
पाचावर काट.
शेजारी एकेक उभी रेघ, जोर लावून. मी मोजत होतो.
दहावी कागद फाडून टेबलावर उमटली.

चुकलो, मी म्हणालो.
मग आठवण झाली, आणि तेच लिहून दिलं.
तिनं वाचलं. बराच वेळ वाचलं. तीन तर अक्षरं.
म्हणाली, किंता.

मला वाटलं, कळलं. माफ केलं म्हणते आहे.
पण सोंग करायचं नव्हतं.
लिहिलं: माफ? बोट नाही वर.
पाणी? नाही.
दमलात? नाही, नाही, आणि कपाळाला हात.
सारी खोली श्वास धरून बसलेली, डॉक्टरसुद्धा.

शेवटी तिनं माझी बाही ओढली,
भिंतीवरच्या कॅलेंडरात पुढच्या आठवड्यावर पेन आपटलं,
मग माझ्या खुर्चीवर.

किंता.
गुरुवार. नुसता गुरुवार.
परत ये.