वात

दोउरो नदीकाठी द्राक्षं तुडवायचे दिवस.
मला बोलावलं ते मृत्युपत्र वाचायला,
मेलेल्याची चौकशी करायला नव्हे,
हे डोना इनासियांनी दोनदा बजावलं,
चांदीच्या चिमट्यानं साखर घालताना.

सासरे हौदात कोसळले म्हणे.
आंबत्या रसाचा वायू : आधी ज्योत मालवते, मग माणूस.
म्हणून पेटत्या मेणबत्तीशिवाय तळघरात उतरायचं नाही.
म्हाताऱ्यानं साठ हंगाम पाळलेला नेम.

मेणबत्ती होती की.
अगदी वरच्या पायरीवर.
वात पांढरीफेक,
मेणाचा एक ओघळ नाही.

जेवणावर अकरा वारस
एका स्वल्पविरामावरून हमरीतुमरीवर आले.
मी माशाचे काटे काढत राहिले.
वकिलाला दोन पोटं असतात :
एक फीचं.
दुसऱ्याला मी अजून नाव दिलेलं नाही.

"मी तर बाई त्या तळघरात
जन्मात पाय ठेवला नाही,"
डोना इनासिया मान ताठ करून म्हणाल्या.

खरं असावं.
जो खाली उतरलाय
त्याला ठाऊक असतं,
मेणबत्ती नुसती ठेवून भागत नाही.

त्यांनी पाकीट सरकवलं. जाड होतं.
मी काडेपेटी मागितली.